डिफरन्शियलचा प्लग एकदा स्वतः उघडून पाहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरू लागला की इंदूरजवळच्या चोरल, पाताळपाणी, जानापाव या बाजूंना फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांची वर्दळ वाढते आणि ती थेट दिवाळीपर्यंत टिकते. परत आल्यावर गाडी धुतली जाते, इंजिन ऑइल आणि टायर पाहिले जातात. मात्र गाडीच्या पोटाखालच्या ज्या पेट्या खरोखर चिखलपाण्यातून जातात, त्यांतल्या तेलाची विचारपूस फारसे कोणी करत नाही. माझ्याकडे गेली अठरा वर्षे एक जुनी मारुती जिप्सी आहे. तिच्या अनुभवावरून सांगतो, की गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल (इंजिनची फिरकी ॲक्सलच्या दोन्ही चाकांना वाटून देणारी दातेरी चाकांची पेटी) यांचे तेल बदलणे हे घरच्या अंगणात, साध्या अवजारांनी होणारे काम आहे आणि आडवाटांनी गाडी नेणाऱ्याने ते निदान एकदा तरी स्वतःच्या हाताने करावे.

तीन वर्षांपूर्वी शहरातल्या एका गॅरेजमधून मी गाडीचे सर्व्हिसिंग करून घेतले. बिलात पुढच्या-मागच्या डिफरन्शियलचे तेल बदलल्याची नोंद होती आणि तिचे पैसेही मी दिले. पाच-सहा महिन्यांनी मागच्या बाजूने घूंऽऽ असा आवाज येऊ लागला. पन्नासच्या वेगाला तो स्पष्ट ऐकू यायचा आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की त्याचा सूर बदलायचा. एका रविवारी गाडीखाली शिरलो, तर तेल भरण्याच्या प्लगवर आदल्या पावसाळ्यातली माळव्याची काळी माती वाळून दगडासारखी बसली होती. ती खरवडून काढली, तेव्हा प्लग आणि हाउसिंग यांच्या सांध्यावरचा जुना रंग अखंड, एकही चीर न गेलेला दिसला. म्हणजे त्या प्लगला कित्येक वर्षांत कोणाचा पाना लागलेलाच नव्हता. खालचा प्लग सैल केल्यावर आधी अर्धा पेला पाणी आले आणि त्यामागून दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचे तेल. प्लगच्या लोहचुंबकाला पोलादाचे कपचे चिकटले होते, नखाच्या तुकड्याएवढे. पिनियनचे (डिफरन्शियलमधल्या लहान दातेरी चाकाचे) बेअरिंग गेले होते, क्राउन व्हील (मोठे दातेरी चाक) आणि पिनियन यांच्या दातांवर चट्टे उठले होते आणि पुढे महिनाभर गाडी दारातच उभी राहिली.

पाणी आत शिरते कसे, हे समजून घेतले पाहिजे. चाळीस-पन्नास किलोमीटर चालून आलेली गाडी ओढ्यात उतरते तेव्हा डिफरन्शियल चांगलेच तापलेले असते. थंड पाणी लागताच आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेऊ पाहते. ही हवा खेळती राहावी म्हणून ॲक्सलवर ब्रीदर नावाची छोटी वाट दिलेली असते. ती चिखलाने बुजलेली असेल तर ओढ ऑइल सीलच्या (तेल बाहेर गळू न देणाऱ्या रबरी कडीच्या) कडेवर येते आणि तिथून पाणी आत जाते. ब्रीदरचे तोंडच पाण्याखाली गेले तर विचारायलाच नको. म्हणून ब्रीदरला रबरी नळी जोडून तिचे टोक वर, बॉनेटच्या उंचीपर्यंत आणणे हा अत्यंत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. ओढ्यापाशी पोहोचल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबून गाडी निवू देणे हा दुसरा, आणि त्याला तर पैसेही पडत नाहीत.

तेलाच्या निवडीबाबत मात्र आपल्याकडे मोठाच घोटाळा आहे. दुकानात आणि गॅरेजमध्ये सर्रास ‘नब्बे नंबर’ एवढेच मागितले जाते आणि एकाच डब्यातले तेल गिअरबॉक्समध्येही जाते, डिफरन्शियलमध्येही. हा नव्वदचा आकडा फक्त तेलाचा घट्टपणा सांगतो. डब्यावर त्याशेजारी जीएल-4 किंवा जीएल-5 असे जे लिहिलेले असते, ते तेलात घातलेल्या द्रव्यांवरून ठरलेला वर्ग सांगते आणि त्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे. डिफरन्शियलमधला पिनियन क्राउन व्हीलच्या मध्यरेषेवर नसतो, थोडा खाली किंवा वर बसवलेला असतो. या हायपॉइड रचनेमुळे दात एकमेकांवर नुसते टेकत नाहीत, दाबाखाली घसरतात, आणि साधे तेल तिथे पिळून बाहेर फेकले जाते. म्हणून जीएल-5 तेलात गंधक-फॉस्फरसची द्रव्ये जीएल-4 च्या जवळजवळ दुप्पट घातलेली असतात. ती पोलादावर राखणदार थर धरतात. नव्या तेलाच्या डब्याचे झाकण उघडताच जो उग्र दर्प येतो आणि दोन धुण्यांनंतरही कपड्यांतून जात नाही, तो या गंधकाचाच. हीच द्रव्ये गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना (गिअर टाकताना दातेरी चाकांचे वेग जुळवणाऱ्या कड्यांना) सोसत नाहीत, आणि त्या रिंगांना जी थोडी पकड लागते तीही अशा निसरड्या तेलात कमी पडते. गिअर टाकताना कुरकुर होऊ लागली की मेकॅनिक क्लचकडे बोट दाखवतो. कधीकधी दोष डब्यावरच्या ‘जीएल’पुढच्या त्या एका आकड्याचा असतो. गाडीच्या पुस्तिकेत ज्या पेटीसाठी जे लिहिले असेल तेच घालावे, ‘वरचा ग्रेड म्हणजे अधिक चांगला’ हा हिशेब इथे चालत नाही.

प्रत्यक्ष कामाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण चुका तिथेच होतात. 1985 साली बाजारात आलेल्या जिप्सीच्या रचनेत गिअरबॉक्स वेगळा, ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलना ताकद पोहोचवणारी पेटी) वेगळा आणि पुढचे-मागचे दोन डिफरन्शियल, अशा चार पेट्या असतात व चारही मिळून साडेपाच लिटरच्या आसपास तेल लागते. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून तेल कोमट करून घ्यावे, म्हणजे ते पातळ होऊन तळाचा गाळ घेऊन बाहेर येते. (आत पाणी गेल्याची शंका असेल, तर मात्र गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी न चालवताच, तेल भरण्याचा वरचा प्लग उघडून मग खालचा प्लग अलगद सैल करावा, पाणी तेलापेक्षा जड असल्याने आधी तेच दिसते.) जागा सपाट हवी, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे हवेत. जिप्सीसारखी उंच गाडी असेल तर माणूस तशीच खाली सरकतो, जॅकची गरज पडत नाही. ज्यांना गाडी उचलावीच लागेल त्यांनी ती पुढून-मागून सारखी उचलून चार भक्कम घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) टेकवावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नये, ही विनंती मी हात जोडून करतो.

यानंतरचा नियम कधीही मोडू नये: आधी भरण्याचा वरचा प्लग उघडावा आणि तो उघडल्यावरच खालच्या प्लगला हात लावावा. वरचा प्लग गंजून अडकलेला निघाला आणि तोवर तेल सांडून गेलेले असले, तर तेल नसलेली गाडी अंगणात अडकून पडते. माझ्या एका शेजाऱ्यांवर हा प्रसंग आलेला मी पाहिला आहे. प्लग उघडण्यापूर्वी भोवतालची माती तारेच्या ब्रशने साफ करावी, नाहीतर तीच आत जाते. तेल निथळायला वीस मिनिटे द्यावीत, वॉशर नवे घालावे. भरताना हातपंप वापरावा आणि वरच्या भोकातून तेल ओघळू लागेपर्यंत भरत राहावे. ओघळ थांबून थेंब पडू लागले की पातळी बरोबर झाली. गिअरबॉक्सचे कवच ॲल्युमिनियमचे असते, म्हणून पान्याला लोखंडी पाइप लावून जोर करू नये, आटे गेले की दुरुस्ती फार महागात पडते. आणि पेटी ‘धुण्यासाठी’ डिझेल ओतण्याची जी पद्धत आहे ती बंद व्हावी असे मला मनापासून वाटते. कानाकोपऱ्यात राहिलेले डिझेल नवे तेल पातळ करते. पाणी निघालेच असेल तर स्वस्तातले योग्य ग्रेडचे तेल भरून थोडी गाडी चालवावी, ते काढून टाकावे आणि मग चांगले तेल भरावे.

निघालेले तेल पाहण्यातच स्वतः काम करण्याचे खरे मोल आहे. चुंबकावर शिसपेन्सिलीच्या भुकटीसारखा करडा लेप असेल तर काळजी नाही, ती नेहमीची झीज असते. बोटाला टोचणारा कण लागला, किंवा गिअरबॉक्सच्या तेलात पितळेची सोनेरी चमक दिसली, तर मेकॅनिककडे जाण्याची वेळ झाली असे समजावे. बिलावरची ओळ यातले काहीच सांगू शकत नाही. अर्थात ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या वाटेला घरी जाऊ नये. तिथे तेलाचा प्रकार ठरलेला असतो आणि पातळी विशिष्ट तापमानालाच मोजावी लागते. लिमिटेड स्लिप डिफरन्शियल (एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर देणारे) असेल, तर त्यासाठी तेलात वेगळे द्रव्य लागते का, तेही पुस्तिकेत पाहून घ्यावे.

आता उरते ते पाच लिटर काळे तेल. ते कोणी सेंटरिंगच्या फळ्यांना फासायला देते, कोणी धूळ बसावी म्हणून कच्च्या रस्त्यावर ओतते, कोणी गटारात, आणि गटारातले तेल कान्ह नदीतून क्षिप्रेपर्यंत जाते. वापरलेले तेल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते, आणि 1 एप्रिल 2024 पासून तेल उत्पादकांवर त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारीही टाकलेली आहे. मी स्वतः ते नव्या तेलाच्याच रिकाम्या डब्यांत भरून, ज्या वर्कशॉपमधून नोंदणीकृत प्रक्रियादार तेल उचलतो, तिथे नेऊन देतो. पण असे ठिकाण शोधायला मला बरेच फिरावे लागले. 2017 ते 2023 अशा सलग सात स्वच्छ सर्वेक्षणांत पहिल्या आलेल्या आणि घरोघरचा कचरा सहा प्रकारांत वेगळा करणाऱ्या आपल्या शहरात, प्रत्येक झोनला जुने तेल स्वीकारणारे एक पिंप ठेवणे अवघड नसावे. तोवर, शहरातील आणि पीथमपूर परिसरातील जी अधिकृत केंद्रे किरकोळ ग्राहकांकडून जुने तेल घेतात, त्यांचे पत्ते आपण आपल्या दैनिकात छापावेत, अशी विनंती आहे.

आपला नम्र,
एक जिप्सीधारक वाचक
लोकमान्य नगर, इंदूर