वॉचमनच्या पाच रात्री सरकारजमा

महोदय,

सगळ्यांना एकाच टक्क्याने कर लावावा, असे सांगणारा ‘एकच दर, सर्वांना न्याय’ हा कालच्या अंकातला लेख वाचला. भाषा गोड आहे, आलेख रंगीत आहेत, लेखकमहाशयांच्या अभ्यासाबद्दलही शंका नाही. मात्र ‘सगळ्यांना सारखा कर एकदा लावून तर पाहा’ हे त्यांचे आवाहन वाचता वाचता माझा चहा थंड झाला. पाहायचे कशाला? महाराष्ट्रात १९७५ पासून लावलेलाच आहे. व्यवसाय कर त्याचे नाव, पगाराच्या स्लिपवर पीटी. त्यात दराचीही भानगड नाही, महिना दहा हजारांच्या वर पगार गेला की थेट रक्कमच सारखी.

एका कारखान्यात तीस वर्षे पगारपत्रके केली, तेव्हा ही कात्री मी स्वतः चालवली आहे. ती लागते कशी, हे मात्र परवाच्या मार्चमध्ये कळले. आमच्या सोसायटीचा रात्रपाळीचा वॉचमन चार घड्यांची स्लिप घेऊन दारात उभा. “काका, हे बघा जरा. दिवस कमी भरले, पैसे कमी आले, समजलं. पण कापले जास्त, ते कसं?” जानेवारीत सत्तावीस हजेऱ्या, पाचशेप्रमाणे १३,५००. फेब्रुवारीत चोवीस, म्हणजे १२,०००. आणि पीटी जानेवारीत २००, फेब्रुवारीत ३००! एजन्सीवाल्याने शंभर खाल्ले, असा त्याचा संशय. मी सांगितले, बाबा रे, वर्षाचे २,५०० भरायचे असतात. अकरा महिने दोनशे दोनशे केले की बावीसशे होतात, उरलेले तीनशे फेब्रुवारीच्या माथी. महिना सगळ्यांत आखूड, कपात सगळ्यांत मोठी. हे ज्याला सुचले त्याचा पगार हजेरीवर नसावा.

“पण हा कर कशासाठी?” बाहत्तरच्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांना पैसा हवा म्हणून बसवला, असे मी सांगितले. माणूस मूळचा बीडकडचा. जरा वेळ स्लिपकडे बघत राहिला. “बाहत्तरला आमचा आजा खडी फोडायला होता. म्हंजी आज्याच्या खडीचे पैसे मी देतोय का?” तीस वर्षांच्या हिशेबात मला याचे उत्तर सापडले नाही.

२,५०० म्हणजे त्याच्या पाच रात्री. याच इमारतीत महिना लाख रुपये घेणारे आहेत. त्यांचे २,५०० एका दिवसाच्या पगारातून जातात, वर चहा-वड्याला उरतात. २०२५च्या अर्थसंकल्पापासून नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत आयकरही शून्य. मग लखपती आणि वॉचमन दोघेही पगारातून भरतात ते २,५००च. घ्या, झाला सर्वांना न्याय!

लेखक म्हणतील, मी टक्क्याबद्दल बोलतोय. बरे, टक्का तर टक्का. लाखवाल्याला पडतो तो एक पंचमांश टक्का वॉचमनला लावा, वर्षाला सव्वातीनशेच्या आत सुटेल. पण तसे कोणी करणार नाही. उलट वॉचमनचा टक्का लाखवाल्याला लावू म्हटले, तर राज्यघटनेच्या २७६व्या अनुच्छेदाने वर्षाला २,५००च्या वर जायला बंदी आहे, ती मर्यादाही १९८८च्या दुरुस्तीतली. वरच्याला राज्यघटनेचे संरक्षण, खालच्याला फेब्रुवारी.

त्याची बायको हाऊसकीपिंगला जाते. तिला पीटी नाही, कारण २०२३ पासून स्त्रियांना २५,००० पगारापर्यंत माफी आहे. उत्तम झाले, कोणाचे पोट दुखायचे कारण नाही. पण पुरुषाची माफी २०१४ पासून ७,५००वर जी थिजली ती थिजलीच. आज ७,५००मध्ये डोंबिवलीत खोलीचे भाडे सुटत नाही. बहिणी लाडक्या आहेत, ठीक. भावालाही २५,०००ची मर्यादा लावायला काय हरकत आहे? आपल्या अर्थतज्ज्ञांनी पुढचा लेख यावर लिहावा. स्लिप मी देतो.

जाता जाता एक. तो लेख मला सकाळी सापडतच नव्हता. पहिली चार पाने सव्वा कोटीच्या फ्लॅटची, पाचव्यावर अंकाचे नाव. वॉचमन अंक वर आणून देतो, तोही विचारत होता, “काका, आज पेपर नाही आला का, नुसती जाहिरातच आहे?” अंकाची किंमत मात्र सर्वांना सारखी.

— एक निवृत्त हिशेबनीस, डोंबिवली (पूर्व)