पोलंडमधल्या ज्यू नोंदी कुठे सापडतात

संपादक महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतल्या पूर्वजांच्या शोधावरील लेखात ‘पोलंडमधल्या ज्यूंचे सगळे कागद युद्धात जळाले’ असे सरसकट विधान आहे. ते बरोबर नाही. वॉर्सा शहराच्या नोंदींचा मोठा भाग 1944 मध्ये नष्ट झाला हे खरे. पण रशियन अमलाखालच्या मध्य पोलंडमध्ये जन्म-विवाह-मृत्यूची वही दोन प्रतींत लिहीत आणि दुसरी प्रत न्यायालयाकडे जमा होई. लहान गावांच्या कित्येक वह्या त्यामुळे शाबूत आहेत.

शोध अडतो तो बहुधा गावापाशी. 1795 ते 1918 हा देश रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने वाटून घेतला होता. 1945 मध्ये सरहद्द पुन्हा सरकली. नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होते हे ठाऊक असलेल्याला यातली गोम लगेच कळेल. कोल्हापूरजवळच्या वळिवडे छावणीत (1943-48) राहिलेल्या बहुतेक पोलिश निर्वासितांची गावेही पूर्व भागातली, म्हणजे आजच्या युक्रेन-बेलारूसमधली. तेव्हा आडनावाआधी गाव आणि त्या काळचा जिल्हा पक्का करावा. एकाच नावाची गावे ढिगाने आहेत.

मध्य पोलंडात 1808 ते 1825 या काळातल्या ज्यूंच्या नोंदी कॅथलिक पाद्र्याच्या वहीतच मिळतात. 1826 पासून त्यांची वेगळी वही. 1868 पासून भाषा रशियन. रशियनमध्ये ‘ह’ नाही, म्हणून हर्शकोविच तिथे ‘गेर्शकोविच’ होतो आणि यादीत ‘ह’ धुंडाळणारा हात हलवत परततो. तारखाही दोन असतात, जुन्या आणि नव्या पंचांगाच्या; एकोणिसाव्या शतकात त्यांत 12 दिवसांचा फरक. शिवाय नोंदणीची तारीख म्हणजे जन्मतारीख नव्हे. एका बापाची दोन-तीन मुले एकाच दिवशी नोंदवलेली आढळतात.

ऑस्ट्रियाकडच्या गॅलिशियात धार्मिक विवाह सरकारदरबारी नोंदवलेला नसला, की मूल ‘अनौरस’ म्हणून आईच्या आडनावाने लागे. त्यावरून घराण्याबद्दल भलते तर्क लढवू नयेत.

जन्माच्या वह्या 100 वर्षे आणि विवाह-मृत्यूच्या 80 वर्षे स्थानिक नोंदणी कार्यालयात राहतात, मग सरकारी अभिलेखागारात जातात. ‘शुकाय व आर्खिवाख’ या सरकारी संकेतस्थळावर बऱ्याच वह्यांचे स्कॅन फुकट दिसतात. ज्यू नोंदींची सूची ‘जेआरआय-पोलंड’वर. हे घरबसल्या उरकावे आणि मगच विमानाचे तिकीट काढावे.

तिथे पोचल्यावर शनिवार दफनभूमीसाठी ठेवू नये; शब्बाथ या ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवसामुळे कुलूप असते. जुन्या दगडांवर बहुधा आडनाव नसते, बापाचे नाव असते. वर्ष हिब्रू अक्षरांत (अक्षरेच अंक म्हणून वापरत), तेही हजारांचा अंक वगळून: 665 निघाले तर त्यात 1240 मिळवा, म्हणजे 1905. मात्र मृत्यू ज्यू नववर्षानंतर, साधारण सप्टेंबर ते डिसेंबरमधला असेल तर 1904 धरावे. अनेक गावांत नाझींनी हे दगड उखडून रस्त्यांना घातले. तिथे मृत्यूच्या वहीवरच भिस्त ठेवावी लागते.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर