चित्राखाली नक्कल करणाऱ्याचे नाव हवे होते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत थेसालोनिकीच्या जुन्या चर्चमधील मोझेक, म्हणजे रंगीत बारीक तुकडे जडवून केलेल्या, चित्रांवरचा लेख वाचला. ग्रीसमधल्या या शहराविषयी मराठीत क्वचितच काही वाचायला मिळते. आपल्याकडचे प्रवासी इटलीतले राव्हेन्ना पाहतात, इस्तंबूल पाहतात आणि परततात. त्यामुळे लेख पाहून फार आनंद झाला. तरीही दोन चुकांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

लेखासोबत सेंट डिमीट्रिओसच्या चर्चमधले एक रंगीत चित्र छापले आहे. त्याखाली ‘चर्चमधील सहाव्या शतकातील मोझेक’ एवढाच मजकूर आहे. वाचकाला वाटेल, आज तिथे गेलो की हे भिंतीवर दिसेल. गेल्या वर्षी मुलीकडे जर्मनीला गेलो होतो, तेव्हा चार दिवस काढून थेसालोनिकीला जाऊन आलो. ते चित्र ज्या कमानींवर होते, त्यांच्याखाली उभा राहिलो. तिथे आता ते नाही. 18 ऑगस्ट 1917 रोजी शहराला आग लागली, सुमारे 70 हजार लोक बेघर झाले आणि हे चर्चही जळाले. आपण छापले आहे ते जलरंगातली नक्कल. 1909 मध्ये डब्ल्यू. एस. जॉर्ज या तरुण इंग्रज वास्तुरचनाकाराने ती भिंतीसमोर बसून केली होती.

त्या नकला नसत्या तर काय गेले हे आपल्याला धड कळलेही नसते. त्या चित्रमालेत मारिया नावाची एक मुलगी आहे. आधी ती तान्ही, आईजवळ, संतासमोर आणलेली. पुढच्या चित्रांत ती मोठी होत जाते. नवसाचे मूल देवापुढे घालणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. राजा नाही, बिशप नाही, एका घरातली लेक सोन्याच्या पार्श्वभूमीवर मोठी होताना दाखवलेली! ती मारिया आज फक्त जॉर्जच्या कागदांत आणि त्या काळच्या काही छायाचित्रांत उरली आहे. त्यांतला रंग तर फक्त जॉर्जचा.

आणि हा माणूस आपल्याला परका नाही. 1915 मध्ये तो नव्या दिल्लीच्या बांधकामासाठी भारतात आला तो कायमचाच. दिल्लीचे सेंट स्टीफन्स कॉलेज आणि सुजानसिंग पार्क ही त्याचीच कामे. 1962 मध्ये तो दिल्लीतच वारला. अशा माणसाचे नाव भारतातल्या वर्तमानपत्रात त्याच्याच चित्राखाली नसावे, याचे वाईट वाटले.

दुसरी चूक चुन्याची. तुर्की राजवटीत चर्चच्या मशिदी झाल्या आणि ‘चुना फासून ही कला नष्ट केली गेली’, असे लेखात म्हटले आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी उलटे घडले. डिमीट्रिओसची ही चित्रे 1907 मध्ये सापडली ती इमारत मशीद असतानाच, डागडुजीत गिलावा निघाल्यावर. शतकानुशतके चुन्याखाली ती शाबूत होती. उघड्यावर आल्यावर दहा वर्षांत आगीत गेली. वरच्या जुन्या वस्तीतल्या होसिओस डेव्हिड या इवल्याशा देवळात तर मला हात जोडावेसे वाटले. तिथे इंद्रधनुष्यावर बसलेला ख्रिस्त आहे, दाढी नसलेला, अगदी कोवळा. पायांखालून स्वर्गाच्या चार नद्या निघतात. एका बाजूला बायबलमधला संदेष्टा यहेज्केल दचकून हात वर करतो आहे, दुसरीकडे हबक्कूक हा दुसरा संदेष्टा शांत विचारात बसला आहे. हे पाचव्या शतकाच्या अखेरचे काम 1921 मध्ये गिलाव्याखालून बाहेर आले. जुनी आख्यायिकाही अशीच आहे: ख्रिस्ती लोकांच्या छळाच्या काळात सम्राटाच्या मुलीने हे चित्र बैलाचे कातडे, चुना आणि विटा लावून झाकले आणि पुढे भूकंपात ते आवरण गळून पडले. चुन्याने काहीच बिघडले नाही असे मी म्हणत नाही. पण आग आणि भूकंप यांचा हिशेब चुन्याच्या नावावर मांडू नये.

रोटुंडाबद्दल लेखात जेमतेम दोन ओळी आहेत. गॅलेरिअस या रोमन सम्राटाने इसवी सन 306 च्या सुमारास बांधलेल्या या गोल वास्तूच्या घुमटात ख्रिस्ती हुतात्मे उभे आहेत. प्रत्येकाजवळ नाव, व्यवसाय आणि त्याच्या स्मरणाचा महिना लिहिलेला. कॉस्मास, वैद्य, सप्टेंबर. फिलेमॉन, बासरीवाला, मार्च. आमच्या लहानपणी मोझेक म्हणजे घरातली ठिपक्याठिपक्यांची फरशी. इथे काचेच्या दोन थरांमध्ये सोन्याचा वर्ख दाबून केलेले तुकडे ओल्या चुन्यात थोडे तिरके बसवले आहेत, त्यामुळे आपण चार पावले चाललो की उजेडही चालतो. माझी नजर मात्र घुमटाच्या मध्यावर खिळली. तिथला ख्रिस्त पडून गेला आहे आणि उघड्या विटांवर कारागिराने आधी काढलेली कोळशाची रेघ दिसते. चौतीस वर्षे मुलांना चित्रकला शिकवली. दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा कच्चा आराखडा असा समोर आल्यावर डोळे भरून आले.

नकलांचा विषय निघाला म्हणून अजिंठ्याचेही लिहितो. रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने तिथल्या भित्तिचित्रांच्या वर्षानुवर्षे खपून केलेल्या नकला 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. नंतर 1872 पासून जॉन ग्रिफिथ्स हे कलाशिक्षक आणि मुंबईच्या जे. जे. या कलाशाळेतल्या त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुन्हा नकला केल्या. त्यांतल्याही कितीतरी 1885 मध्ये लंडनमधल्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात आगीत गेल्या. आपल्याकडे भिंती राहिल्या आणि कागद जळाले. थेसालोनिकीत भिंत जळाली आणि कागद राहिला. कोणता वाचेल हे आधी कुणाला ठाऊक असते? म्हणून भिंतीसमोर बसून रेघ न् रेघ उतरवून घेणाऱ्याला मी दुय्यम मानत नाही.

तेव्हा विनंती अशी, की पुढच्या रविवारी त्या चित्राचा खुलासा ‘डब्ल्यू. एस. जॉर्ज, 1909, जलरंगातील नक्कल. मूळ मोझेक 1917 च्या आगीत नष्ट’ असा छापावा. आणि यापुढे अजिंठ्याच्या त्या नकला छापाल तेव्हा खाली एकट्या ग्रिफिथ्सचे नाव देऊ नये. त्या लेण्यांत पेस्तनजी बोमनजींसारखे जे. जे.चे विद्यार्थी अंधुक उजेडात बसले होते, त्यांचीही नावे द्यावीत.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक, वाई