फाशी मागणारे साक्षीला का येत नाहीत?

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या पंधरवड्यात आमच्या तालुक्याच्या गावी बंद पाळला गेला. शेजारच्या एका खेड्यातली अमानुष घटना, त्यावर निषेध मोर्चा आणि शेवटी तहसीलदारांना निवेदन. शाळेच्या पोरींच्या हातात पुठ्ठ्याच्या पाट्या होत्या, ‘फाशी द्या’. मीही त्या मोर्चात चाललो, तेव्हा इतरांना शहाणपण शिकवायचा मला अधिकार नाही. पण बावीस वर्षे गावचा पोलीस पाटील होतो, म्हणून दोन शब्द लिहितो.

पोलीस पाटलाचे काम शहरातल्या वाचकांना ठाऊक नसेल. गावात प्रेत सापडले की पहिली खबर त्याने द्यायची. पोलीस येईपर्यंत प्रेताजवळ कुत्रे फिरकू द्यायचे नाही. आणि मग पंच शोधून आणायचे. यातले शेवटचे काम सगळ्यात अवघड. एरवी पारावर तासन् तास बसणारी मंडळी पोलिसांची गाडी दिसली की आपापल्या वावराकडे निघतात.

एका कपाशीच्या वावरात, धुऱ्याच्या म्हणजे बांधाच्या वादातून, भरदिवसा खून झाला होता. पलीकडच्या शेतातल्या सालदाराने सगळे पाहिले. रात्री माझ्या ओसरीवर येऊन त्याने ते जसेच्या तसे सांगितले. मी म्हणालो, घाबरू नको, तीनशे दोन आहे, फाशीसुद्धा होऊ शकते. त्याला धीर यावा म्हणून बोललो होतो. तो मात्र गप्पच झाला. मग म्हणाला, “पाटील, मी पायलं थे खरं हाय. पन माह्या तोंडच्या शब्दानं कोनाले फासावर चढवू का मी? त्याचीबी लेकरं हायेत. मले नोका गोवू त्याच्यात.”

जप्तीची कुऱ्हाड खाकी कागदात गुंडाळून लाखेचे सील लावले, ते माझ्यासमोर. पंचांच्या सह्या मात्र कोऱ्या कागदांवर घेतल्या आणि मजकूर ठाण्यात गेल्यावर लिहिला गेला. मी तेव्हा तोंड उघडले नाही, हे माझेही पाप आहे. सहा वर्षांनी खटला उभा राहिला. ऐन वेचणीच्या दिवसांत सालदार आणि दोन्ही पंच तीन तारखांना जिल्ह्याच्या कोर्टाच्या व्हरांड्यात बसून, रोज बुडवून परत आले. चौथ्या तारखेला बचावाच्या वकिलाने एका पंचाला विचारले, कुऱ्हाडीचा दांडा बाभळीचा होता की तिवसाचा? तो म्हणाला बाभळीचा. पंचनाम्यात तिवस होते. सालदार पिंजऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, “मले काई आठवत नाई.” फितूर. आरोपी सुटला. त्याच्या काकाने सालदाराच्या झोपडीला दोनदा भेट दिली होती हेही खरे, म्हणजे भीती होतीच. पण पहिल्या रात्री ओसरीवर त्याने नकार दिला, तो भीतीपोटी नव्हता. शिक्षा जितकी मोठी, तितकी गरीब माणसाची जीभ जड होते, हे मी त्या दिवशी शिकलो.

आपल्याकडे फाशीची चर्चा होते ती शेवटच्या दिवसाची. हिंगणघाटच्या प्राध्यापिकेला फेब्रुवारी २०२० मध्ये भर रस्त्यात पेटवले गेले आणि आठवड्याभरात ती गेली. त्यानंतर अख्खा वर्धा जिल्हा फाशी मागत होता. दोन वर्षांनी जन्मठेप झाली तर लोकांना वाटले, सुटलाच की! कारण गावात अजून पक्का समज आहे की जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे. खरे तर जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद. चौदा वर्षांनंतर सरकार सूट देण्याचा विचार करू शकते, एवढेच. २००८ पासून तर सर्वोच्च न्यायालय फाशीऐवजी ठरावीक वर्षे किंवा आयुष्यभर सूट न मिळणारी जन्मठेपही देते. हे कुणी तलाठी कार्यालयाच्या भिंतीवर लिहील का? माझा अंदाज आहे, निम्म्या लोकांची फाशीची मागणी ही जन्मठेपेवरच्या अविश्वासातून येते.

खैरलांजीचे उदाहरण भंडाऱ्याचे, म्हणजे घरचेच. २००६ मध्ये एका दलित कुटुंबातल्या चौघांना गावाने मारले. २००८ मध्ये सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप झाली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने त्या सहा फाशा रद्द करून पंचवीस वर्षांची कैद दिली. त्यावर गावोगाव ‘फाशी का काढली’ एवढेच बोलले गेले. अ‍ॅट्रॉसिटीचे कलम कोर्टात टिकलेच नाही, जातीचा मुद्दाच निकालातून बाहेर पडला, यावर आंबेडकरी चळवळ ओरडून बोलली. बाकीचे आम्ही दोरावरच अडलो होतो.

आणि ज्यांनी घटना समितीत ३ जून १९४९ रोजी फाशी मुळातूनच रद्द करावी असे मत मांडले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. दीक्षाभूमीला दरवर्षी जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल? मला स्वतःला पन्नाशीनंतर कळले.

कायदा मात्र हळूहळू सरकत आला आहे. १९५५ पर्यंत खुनात फाशी दिली नाही, तर न्यायाधीशाला कारण लिहावे लागे. १९७३ च्या संहितेने ते उलटे केले, फाशी द्यायची तर विशेष कारण लिहा. १९८० मध्ये बच्चनसिंग खटल्यात ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ ही कसोटी आली. विधी आयोगाने २०१५ च्या अहवालात दहशतवाद आणि देशाविरुद्धचे युद्ध सोडून बाकी गुन्ह्यांतली फाशी काढावी अशी शिफारस केली. तरी २०२४ पासून लागू झालेल्या नव्या न्याय संहितेत ती आहेच. आपल्या विधिमंडळानेही डिसेंबर २०२१ मध्ये शक्ती विधेयक मंजूर केले. बलात्काराच्या घोर प्रकरणांत फाशी, तपास तीस दिवसांत. राष्ट्रपतींची मंजुरी काही मिळाली नाही. ज्या ठाण्यात पंचनाम्याला कोरे कागद वापरले जातात तिथे तीस दिवसांत तपास म्हणजे काय होणार, याची कल्पना मला आहे, म्हणून मला त्याचे फार दुःख झाले नाही.

दोर चुकीच्या गळ्यात पडतो म्हणजे काय, हे जालना जिल्ह्यातल्या २००३ च्या दरोडा-खुनाच्या प्रकरणात दिसले. भटक्या जमातीतल्या सहाही जणांना २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावली. २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडले आणि प्रत्येकी पाच लाख द्यायला लावले. वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांच्या अल्बममधून भलतीच चार माणसे ओळखली होती. त्यांचा तपासच झाला नाही. मधल्या दहा वर्षांत फाशी दिली गेली असती, तर ते पाच लाख कुणाच्या हातात ठेवले असते?

माझे मत विचाराल तर, फाशी काढा. सूट नसलेली जन्मठेप द्या आणि ती तशीच राबवा. आणि मोर्चाच्या निवेदनात दुसऱ्या मागण्या लिहा. साक्षीदारांना संरक्षण देणारा महाराष्ट्राचा कायदा २०१७ चा आहे. माझ्या बावीस वर्षांत आमच्या गावात तो कुणी तोंडाने उच्चारलेला ऐकला नाही. जप्तीचे व्हिडिओ शूटिंग आणि सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिकच्या माणसांनी जागेवर येणे नव्या नागरिक सुरक्षा संहितेत, म्हणजे तपास-खटल्याच्या पद्धतीच्या कायद्यात आहे. ते आमच्या तालुक्यात केव्हा पोचणार, हे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात एखाद्या आमदाराने विचारावे. पंचाला आणि साक्षीदाराला एका दिवसाचा रोज आणि एसटीचे भाडे त्याच दिवशी हातात मिळावे. एवढ्यासाठी मेणबत्त्या लावायला कुणी येणार नाही, हे मला माहीत आहे.

पुढच्या महिन्यात मला स्वतःला एका जुन्या खटल्यात साक्षीचे समन्स आले आहे. घटना सात वर्षांपूर्वीची. तेव्हाची माझी वही पेटीतून काढून ठेवली आहे. तिची निम्मी पाने वाळवीने खाल्ली आहेत.

आपला,
एक माजी पोलीस पाटील
ता. आर्वी, जि. वर्धा