वायरकटवरच्या दादांचे जाहीर आभार

आदरणीय दादा,
सादर नमस्कार.

ब्लँकिंग डाय, म्हणजे पत्र्यातून ठरल्या आकाराचे तुकडे कापून काढणारा साचा, प्रेसवर चढली. पत्र्याची कड स्वच्छ निघते, बर (कापलेल्या कडेला उरणारी खरखरीत किनार) जवळजवळ नाहीच. ड्रॉइंगवर नाव माझं, त्यामुळे शाबासकीही माझ्याच पाठीवर पडली. तिचे खरे धनी तुम्ही. हे सगळ्यांसमोर लिहितोय, कारण वायरकट (बारीक तारेच्या विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणारं मशीन) म्हणजे प्रोग्रॅम टाकायचा आणि बटण दाबायचं, असं समजणारे डिझाइनच्या टेबलांवर पुष्कळ आहेत.

तुम्ही ड्रॉइंग हातात घेतलंत आणि पहिला प्रश्न विचारलात तो मापांचा नव्हताच. "ब्लॉक हार्डनिंगला गेला का?" म्हणजे डायचा स्टीलचा ठोकळा तापवून कडक करायला दिला का. दिला नव्हता. मग प्रत्येक खिडकीच्या (डायमध्ये आरपार कापायच्या आकाराच्या) आत, टाकाऊ भागात, स्टार्ट होल, म्हणजे वायर ओवायचं भोक, कुठे हवं ते तुम्ही पेन्सिलीने दाखवलंत. डी-टू हे डायचं स्टील एकदा ६० एचआरसी (कडकपणाचं माप) च्या आसपास पोचलं की साधं ड्रिल त्यात शिरत नाही. स्पार्कने भोक पाडता येतं, पण ते एक वाढीव काम. कडेवरून वायर आत घेतली असती तर भोकाची गरजच नव्हती, हे मी बोलून दाखवलं. त्यावर तुम्ही सांगितलंत ते मी आता प्रत्येक नव्या मुलाला सांगतो: हार्डनिंग झालेल्या ब्लॉकमध्ये ताण दबून बसलेला असतो, कड कापली की त्याला वाट मिळते आणि ब्लॉक उघडतो किंवा मिटतो. चौकट अखंड राहिली तर तो बराचसा आवरला जातो.

म्हणूनच एकेक खिडकी पूर्ण करत न जाता तुम्ही आधी सगळ्यांचे रफ कट, म्हणजे पहिले ढोबळ काप, घेतलेत. ब्लॉकला जेवढं हलायचं तेवढं हलू दिलंत आणि मग स्किम कटला, म्हणजे शेवटच्या बारीक, अचूक कापांना, हात घातलात. मला घाई होती, तुम्हाला नव्हती. त्या वेळी थोडा राग आला होता, आता नाही.

खरं तर या कामात धातूला काही टेकतच नाही. वायर आणि जॉब यांच्यात केसाहूनही कमी फट, त्यात डीआय वॉटर (क्षार काढलेलं पाणी), आणि हजारो अंश तापमानाच्या ठिणग्या कणाकणाने स्टील वितळवून उडवतात. १९४३ साली सोव्हिएत संघात बोरिस आणि नताल्या लाझारेन्को हे दांपत्य विद्युत संपर्कबिंदू ठिणग्यांनी झिजतात ती झीज थांबवायच्या मागे होतं. झीज थांबेना, तेव्हा त्यांनी तिलाच कामाला लावलं. वीज वाहून नेणारा धातू असला की पुरे, तो कितीही कडक असो.

पण ठिणगी मागे काहीतरी ठेवून जाते. वितळून पुन्हा गोठलेला तो पातळ थर, रीकास्ट, तुम्ही मला भिंगाखाली दाखवलात. रफ कटचा पृष्ठभाग नुसत्या डोळ्यांना बरा दिसतो, पण त्या थरात बारीक तडे असू शकतात, आणि डायची धार तिथूनच टवके टाकू लागते. एकेक स्किम कटला वीज कमी करत तुम्ही तो थर जवळजवळ नाहीसा केलात.

पंच (वरून पत्रा कापत डायमध्ये शिरणारा भाग) आणि डाय यांतला क्लिअरन्स, म्हणजे मोकळी फट, हीसुद्धा तुम्ही ऑफसेटवरच, म्हणजे वायरचा मार्ग रेषेपासून किती बाजूला ठेवायचा त्यावरच, बसवलीत. वायर ०.२५ मिमीची, म्हणजे तिची त्रिज्या ०.१२५, वर स्पार्क गॅप. आतला कोपरा याहून टोकदार निघणारच नाही, म्हणून पंचाच्या त्या कोपऱ्याला किती गोलाई द्यायची तेही तुम्हीच सुचवलंत.

आणि ब्लॉक बांधल्यावर लगेच सुरुवात न करता पाण्याचं आणि त्याचं तापमान एक व्हावं म्हणून तो टाकीच्या पाण्यात बुडवून ठेवलात ते! १०० मिमी स्टील एका अंशाला साधारण एक मायक्रॉन वाढतं. एवढंसं तर आहे, म्हणून कुणीही सोडून दिलं असतं. शेवटचे काही मिलिमीटर उरल्यावर तर तुम्ही मशीनपाशीच उभे राहिलात, कारण सुटा झालेला तुकडा कलंडला तर वायर तुटते किंवा खालचं नोझल अडकतं. बिल बनतं कापलेल्या लांबी-जाडीवर. या उभं राहण्याचा रकाना त्यात नसतो.

मनापासून आभार, दादा.

पुढची डाय कार्बाइडची आहे. त्यातले कडक कण बांधून ठेवणारा कोबाल्ट धातू पाण्यात निघून जातो आणि धार पोकळ होते, म्हणून जॉब टाकीत नुसता पडू द्यायचा नाही, असं तुम्ही मागे बोलता बोलता म्हणाला होतात. त्यावर सविस्तर बोलायचंय. ऑर्डर अजून दिलेली नाही; ब्लॉक स्टार्ट होलसकट मागवायचा की भोकं तुम्ही स्पार्कने पाडाल, तेवढं कळवा.

तुमचा,
डिझाइनवाला