पट गळतो तो पहिलीच्या आधीच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नगरपरिषद शाळांच्या घसरत्या पटावरची आपली बातमी वाचली. त्यात गळकी छपरे आली, इंग्रजी माध्यमाची ओढ आली, शिक्षकांवर ठपकाही आला. मुलांच्या वयाचा विषय तेवढा राहिला.

आमच्या तालुक्याच्या गावात मूल तीन वर्षांचे झाले की नर्सरीत जाते. दारात पिवळी व्हॅन, गळ्यात ओळखपत्र, वर्षाअखेरीस गॅदरिंग. नगरपरिषदेच्या शाळेचे दार उघडते ते सहाव्या वर्षी, थेट पहिलीला. तोवर घरादाराला त्या खासगी शाळेची सवय झालेली असते. तिथून मूल काढून इकडे कोण आणणार? अंगणवाडी आहे, पण ती महिला व बालविकास खात्याची आणि शाळा शिक्षण खात्याची. दोन्ही भिंतीला भिंत लागून असल्या तरी अंगणवाडीतले मूल शेजारच्या पहिलीत आले की नाही, हे विचारायला कोणी बांधील नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. आमच्याकडे तो अजून कागदातच आहे.

पुढचे चक्र शिक्षकांना तोंडपाठ आहे. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरवणारी मंजुरी, होते ३० सप्टेंबरच्या पटावर, तीही आधार जुळलेल्या मुलांची. नावात किंवा जन्मतारखेत फरक निघाला की मूल वर्गात असते, हिशेबात नसते. वीटभट्टीवरच्या कुटुंबांची मुले दिवाळीनंतर येतात. ती मोजायची राहूनच जातात. पट साठ किंवा त्याखाली आला की शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे दोनच शिक्षक. त्यातला एक मतदार यादीच्या कामाला. उरलेल्याने चार इयत्ता सांभाळायच्या आणि वर शिष्यवृत्तीचा निकाल का नाही, हेही ऐकून घ्यायचे! खासगी शाळेच्या निकालाचा फलक चौकात झळकतो. त्या मुलांच्या शिकवणीची फी कोण भरते, ते फलकावर नसते.

पालक कायमचे गेलेत असे मी मानत नाही. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत प्रवेशासाठी प्रतीक्षायादी लागत होती. पण तिथे गाव शाळेच्या पाठीशी उभे राहिले. आमच्याकडे शिक्षणावर सभेत बोलणाऱ्यांचीच मुले त्या पिवळ्या व्हॅनमधून जातात.

नगरपरिषदेने निदान एका शाळेत तरी बालवर्ग सुरू करावेत आणि ताईंच्या मानधनाची तरतूद येत्या अंदाजपत्रकात करावी. पटनोंदणीसाठी शिक्षकांना जूनमध्ये दारोदार फिरवणेही बंद करावे. खासगी शाळांचे प्रवेश जानेवारीपासूनच सुरू होतात. जायचे तर तेव्हा, आणि तीन वर्षांच्या मुलांच्या घरी जावे. प्रवेशोत्सवाच्या दिवशी ट्रॅक्टर सजवून मिरवणूक काढायची म्हटले, तर त्यात बसवायला मुले आधी नोंदलेली हवीत.

— एक सेवानिवृत्त शिक्षिका