गाडी चढावर आपोआप जाते म्हणे

प्रिय मंद्या,

तुझा ओमानमधल्या सलालाहचा व्हिडिओ पोचला, गाडी चढावर आपोआप जातानाचा. दोनदा बघितला, आणि मागून वहिनींचा "अहो ब्रेक, ब्रेक" हा आवाज आमच्या अख्ख्या घराने ऐकला. तू विचारलंयस की हे नक्की आहे काय, ऑफिसातला एक म्हणतो डोंगरात लोहचुंबक आहे, दुसरा म्हणतो जिन्न ढकलतात. आता एवढं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर टाईप करत बसलो असतो तर अंगठा सुजला असता, म्हणून लॅपटॉप उघडून सरळ पत्रच लिहितोय. शुक्रवारी सुट्टी असते तुला, चहा घेऊन निवांत वाच.

उत्तर आधीच देऊन टाकतो म्हणजे टांगून ठेवलं असं व्हायला नको. चुंबकही नाही आणि जिन्नही नाही. मिरबातकडे जाताना जो तुकडा तुला चढ वाटला तो उतार आहे. गाडी गुमान उतारावरून खाली गेली, तुमच्या डोळ्यांना ती वर जाताना दिसली, बास. आता "हॅ, एवढंच?" म्हणशील, पण थांब, खरी गंमत पुढे आहे.

आम्ही लडाखला गेलो होतो तेव्हा अण्णा बरोबर होते हे तुला माहितीय. लेहहून कारगिलच्या रस्त्याला लागलं की साधारण तीस किलोमीटरवर, पत्थर साहिब गुरुद्वारा मागे टाकला की तुझ्या व्हिडिओसारखाच एक तुकडा, मॅग्नेटिक हिल, येतो, अजून थोडं पुढे गेलं की निमूला सिंधू आणि झंस्कारचा संगम. जागा म्हणशील तर काही नाही, उघडेबोडके डोंगर, सरळ रस्ता, एक मोठी पाटी, आणि रस्त्यावर आखलेला चौकोन. चौकोनात गाडी उभी करायची, न्यूट्रल टाकायचा, ब्रेक सोडायचा. गाडी हळूहळू "वर" निघते आणि आत बसलेले सगळे ओरडायला लागतात. आमच्यातले पण ओरडले, मी पण ओरडलो, कारण दिसतंच तसं रे, माहिती असूनही पोटात गोळा येतो.

अण्णा मात्र खाली उतरून उभे. जन्मभर पीडब्ल्यूडीत ओव्हरसियर, डंपी लेव्हल, म्हणजे जमिनीची पातळी मोजायची दुर्बीण, लावून रस्ते आखलेला माणूस. आमच्या लडाखी ड्रायव्हरने गोष्ट सांगितली की पूर्वी इथून स्वर्गाची वाट होती, ज्याची पुण्याई असेल तो आपोआप ओढला जायचा आणि नसेल त्याने कितीही जोर लावला तरी पोचायचा नाही. त्यावर अण्णा म्हणाले, मग या टेम्पो ट्रॅव्हलरमधल्या सगळ्यांचीच पुण्याई एका मापाची कशी काय निघाली? ड्रायव्हर खो खो हसला.

मग त्यांनी पाण्याची बाटली घेतली, साधी प्लॅस्टिकची, वरचं दोन घोट पाणी पिऊन टाकलं आणि झाकण लावून रस्त्यावर आडवी ठेवली, लांबी रस्त्याच्या दिशेने. आत हवेचा बुडबुडा राहिला होता ना, तो सरकत सरकत गेला आणि बाटलीच्या एका टोकाला जाऊन बसला. कुठल्या टोकाला? जी बाजू आम्हाला सगळ्यांना खोलगट वाटत होती तिकडे! बुडबुडा उंचीकडे जातो हे लहान पोरालाही कळतं, म्हणजे आपण ज्याला खालची बाजू म्हणत होतो तीच वरची होती. बाटली उलटी फिरवून ठेवली तरी बुडबुडा परत त्याच दिशेला. शेजारी इंदोरची एक बायकर गँग उभी होती, त्यातला एक पोरगा म्हणतो कसा, "अंकल, पानी को भी मॅग्नेट ने खींचा होगा." अण्णांनी त्याच्याकडे बघितलं, झाकण उघडलं आणि उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

तर हे चुंबकाचं प्रकरण मला सगळ्यात जास्त खटकतं बघ. जिन्न, स्वर्ग या गोष्टी मला आवडतात. पण चुंबकवाला माणूस "सायन्स आहे सायन्स" म्हणून सांगतो, आणि सांगताना आपण पण एक दंतकथाच सांगतोय याचा त्याला पत्ता नसतो. अरे, टनभर गाडी ओढणारं चुंबक डोंगरात असतं तर खिशातल्या किल्ल्या, पट्ट्याचं बक्कल, हे आधी गेलं नसतं का? आणि प्लॅस्टिकचा चेंडू पण तिथे "वर" जातो, सांडलेलं पाणी पण जातं. छत्तीसगडला मैनपाटजवळ बिसरपानी नावाचं गाव आहे, तिथे 'उल्टा पानी' म्हणून नाला आहे, पोरं त्यात कागदी होड्या सोडतात आणि होड्या चढावर गेल्यासारख्या दिसतात. आता कागदाला कुठलं चुंबक ओढणार सांग.

डोळे फसतात कसे तर त्याचं असं आहे. रस्ता एक-दोन अंशांनी कलला असेल तर ते आपल्या शरीराला जवळपास कळतच नाही, कानातला तोलाचा अवयव एवढं बारीक पकडत नाही. मग मेंदू डोळ्यांवर सोडून देतो, आणि डोळे आधार शोधतात तो क्षितिजाचा. डोंगरांमध्ये खरं क्षितिज दिसतच नाही, दिसते ती कुठल्यातरी डोंगराची कललेली कड, आणि मेंदू तिलाच सपाट धरून चालतो. एकदा पाया चुकला की वरचं सगळं गणित चुकलं. त्यात मागे-पुढे जोराचा उतार असेल आणि मध्ये थोडासाच उतार असेल तर तो थोडासा उतार चढ वाटतो. इटलीत रोमजवळ अरिच्चाला असाच एक प्रसिद्ध रस्ता आहे. तिथल्या संशोधकांनी टेबलावर मावेल एवढं मॉडेल केलं, लाकडी रस्ता, छोटी झाडं, आणि लोकांना एका भोकातून बघायला लावलं. कल जरा इकडे तिकडे केला की उताराचा चढ व्हायचा. २००३ साली त्यांचा पेपर आला. मला सगळ्यात भारी काय वाटलं तर ते मॉडेल. डोंगर नाही, चुंबक नाही, भूत नाही, टेबलावर तीच जादू.

आता गोष्टींकडे येतो, कारण तुला खरा रस त्यातच आहे हे मी ओळखून आहे.

स्कॉटलंडमध्ये एअरशायरला ए७१९ रस्त्यावर इलेक्ट्रिक ब्रे आहे. तिथे दगडच लावलाय, त्यावर सगळं कोरलंय की उतार ८६ फुटांना एक फूट आहे आणि दोन्ही बाजूच्या जमिनीमुळे उलटा दिसतो. पण नाव इलेक्ट्रिकच, कारण एकेकाळी लोकांना वाटायचं की जमिनीत वीज आहे आणि तीच गाड्या ओढते. वीज नवीन होती तेव्हा वीज, मग चुंबक, आता कोणी परग्रहवाले म्हणतं. जे त्या काळात अर्धवट कळलेलं असतं ते लोक डोंगरात नेऊन पुरतात असं माझं मत झालंय.

फ्लोरिडात लेक वेल्स गावात स्पूक हिल आहे. तिथे पाटीवर लिहिलेली गोष्ट अशी की एका आदिवासी सरदाराची आणि अजस्र मगरीची लढाई झाली, आणि पुढे त्या वाटेने जाणारे घोडे उतारावर धापा टाकायला लागले. मला या गोष्टीतले घोडे फार आवडतात. सरदार-मगर सोड, घोड्यांचं बरोबर होतं! त्यांच्या पायांना चढ कळत होता, माणसांनाच उतार दिसत होता. आपल्याकडे सायकलवाल्यांना विचार, घाट उतरून आल्यावर जो रस्ता चढ वाटतो तो चढ आहे का नाही हे त्यांच्या मांड्या सांगतात.

टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओची गोष्ट मात्र वाईट आहे, वाचून बरं वाटलं नाही. तिथे एक रेल्वे क्रॉसिंग आहे. म्हणतात की शाळेची बस तिथे रुळांवर अडकली, मुलं गेली, आणि पुढे त्या मुलांची भुतं प्रत्येक अडलेली गाडी ढकलून रुळापार करायची. लोक बंपरवर टाल्कम पावडर शिंपडायचे आणि त्यात छोट्या हातांचे ठसे शोधायचे, ठसे सापडायचे पण, आपलेच, डिकी उघडताना लागलेले. तसा अपघात त्या क्रॉसिंगवर झालेलाच नव्हता. झाला होता तो १९३८ साली लांब यूटामध्ये, आणि सॅन अँटोनिओच्या पेपरांत त्याच्या बातम्या आल्या होत्या. तिथलं दुःख इथल्या रुळांवर येऊन चिकटलं. आणि काही वर्षांपूर्वी रेल्वेने क्रॉसिंगचं काम काढलं, रस्त्याची पातळी बदलली, आणि भुतांनी गाड्या ढकलणं बंद केलं. कसली गोष्ट आहे बघ.

जिन्नवाला तुझा मित्र बहुतेक मदिनेजवळच्या वादी अल-जिन्नचं ऐकून आलेला असणार, उमराला गेलेले लोक तिथे गाडी न्यूट्रलला टाकून बघतात. आणि कोरियाच्या जेजू बेटावर हेच काम दोक्केबी करतात, म्हणजे तिकडचे खट्याळ पिशाच्च.

आपल्याकडे असा रस्ता कोकणात कुठे सापडला असता तर काय झालं असतं? चकवा म्हणाले असते आणि विषय संपला. दुसऱ्या दिवशी कडेला एक शेंदूर फासलेला दगड, तिसऱ्या दिवशी नारळ. बोरघाटात शिंगरोबाला बघ, वाट दाखवणाऱ्या धनगराची गोष्ट, ड्रायव्हर आजही हात जोडून पुढे जातात. मला यात हसण्यासारखं काही वाटत नाही, घाटात गाडी चालवणाऱ्याला कुणाचं तरी नाव घ्यावंसं वाटणारच. आणि गंमत म्हणजे जिथे पाणी खरोखरच वर जातं, नाणेघाटात, पावसाळ्यात वारा कड्यावरून पडणारा धबधबा उलटा वर फेकतो, आपण चिंब भिजलो होतो आठवतंय का, तिथे ना भूत ना चुंबक. वारा अंगावर घेतला की कुणालाच गोष्ट लागत नाही.

बरं, आता कामाचं. परत तिथे जाशील तेव्हा इंजिन बंद करून गाडी सोडू नकोस, पॉवर स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेक पण नीट लागत नाही, मागून ट्रक आला तर वहिनी म्हणत होत्या तेच होईल. खरीपला, म्हणजे तिकडच्या पावसाळ्यात, मस्कतहून एवढी गर्दी येते, त्यात रस्त्याच्या मधोमध प्रयोग नको. एकाला मागे उभं कर. आणि बाटली विसरू नको, गोल सरळ बाटली घे, कंबर आत गेलेली नको, त्यात बुडबुडा मध्येच अडकतो. व्हिडिओ अण्णांच्या नंबरवर पाठव, मला नंतर दाखवतीलच ते. ते सध्या फेसबुकवर चुंबकवाल्यांशी भांडतायत, त्यांना पुरावा हवाय.

वहिनींना नमस्कार, पिल्लूला पापा. खजूर आणशील तेव्हा बिया काढलेले आणू नको, आईला बिया असलेलेच लागतात.

तुझा,
पक्या